वातप्रकृति आणि घड्याळ

आपल्या घरांतून ‘वात’ हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. आजीचा गुडघा धरला कीं वात, पोट फुगलें कीं वात, रात्रीं पिंढरींत गोळा आला कीं वात. आणि एखादा मुलगा पोटभर जेवूनहि काडीसारखा राहिला, तर त्याचाहि धनी वातच. या साऱ्यांत दोन अगदीं निराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. एक वाताची प्रकृति आणि दुसरी वाताची विकृति. प्रकृति म्हणजे मनुष्य जन्मतः बरोबर घेऊन येतो ती शरीराची व मनाची घडण. ती बदलावयाची नसते, ओळखून सांभाळावयाची असते. विकृति म्हणजे त्या घडणींत मागाहून शिरलेला बिघाड. तो दूर करावयाचा असतो. हा भेद ध्यानांत न राहिल्यामुळें कोणी निरोगी असूनहि औषधें घेत बसतो, आणि कोणी खरा रोग ‘माझी प्रकृतीच वाताची’ म्हणून अंगावर काढतो. आज मी मुख्यतः प्रकृतीविषयीं बोलणार आहें. विकृतीकडे शेवटीं वळेन.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत वाताचे गुण सांगून प्रत्येक गुणापासून माणसाचे कोणते विशेष उत्पन्न होतात, हें क्रमानें दाखविलें आहे. वात रूक्ष आहे, म्हणून अंग कोरडें व किरकोळ आणि झोंप सावध. तो हलका व चंचल आहे, म्हणून चाल जलद आणि हातपाय, डोळे, जीभ यांस स्वस्थता नाहीं. तो शीघ्र आहे, म्हणून अशी माणसें काम चटकन् अंगावर घेतात, चटकन् घाबरतात, ऐकलेलें चटकन् समजतात आणि तितक्याच चटकन् विसरतात. तो थंड आहे, म्हणून गारठा सोसत नाहीं. तो खरखरीत आहे, म्हणून केस व नखें राठ आणि टाचा भेगाळलेल्या. अशीं माणसें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरांत आहेत. घरांतील गप्पांना रंग आणणारी, नवी कल्पना प्रथम काढणारी व्यक्ति बहुधा याच घडणीची असते. तेव्हां वातप्रकृति हा दोष नव्हे, हें आधीं मनांत ठसवावें. शरीरांतील हालचाल मात्र वाताच्या स्वाधीन आहे. शार्ङ्गधरानें पित्त व कफ या दोघांनाहि पांगळें म्हटलें आहे. वायु नेईल तिकडे तीं जातात. म्हणूनच वायूचा तोल गेला, कीं त्याच्यामागोमाग इतरांचाहि जातो.

तो तोल राखण्याचें आयुर्वेदाचें सूत्र साधें आहे. सारख्यानें सारखें वाढतें आणि उलट्यानें शमतें. रूक्षावर स्निग्ध, थंडावर उष्ण आणि चंचलावर स्थिर, असे हे तीन उतारे. यांपैकीं पहिले दोन आपणां सर्वांस ठाऊक आहेत. तूप, तेल, सुंठ, ऊन पाणी हे बाजारांत किंवा चुलीवर मिळतात. तिसरा मात्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. ठरल्या वेळीं उठणें, ठरल्या वेळीं जेवणें व ठरल्या वेळीं निजणें, हेंच त्याचें स्वरूप. माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा हा कीं, वातप्रकृतीच्या माणसास तेलातुपाइतकीच नियमित वेळेची गरज असते. आणि आज नेमकी तीच वस्तु दुर्मिळ होत चालली आहे.

हें एखाद्या गांवाच्या उदाहरणानें पाहूं. पुण्याहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर तालुक्यांत, रांजणगांवच्या महागणपतीच्या शेजारीं कारेगांव आहे. या रस्त्याच्या एका टोंकास पुण्यांत १९३३ सालीं निघालेलें टिळक आयुर्वेद महाविद्यालय, तर दुसऱ्या टोंकास गंगाधरशास्त्री गुणे यांनीं नगर येथें वाढविलेली आयुर्वेदाची परंपरा. मधला हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. पाऊस थोडा, वारा कोरडा. अशा भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनीं ग्रंथ न उघडतांहि वाताशीं जुळवून घेतलें होतें. त्याचा पुरावा त्यांच्या स्वयंपाकघरांत सांपडतो.

बाजरीच पाहा. ती उष्ण खरी, पण रूक्ष. म्हणून भोगीच्या दिवशीं भाकरीवर तीळ थापतात आणि ताटांत लोण्याचा गोळा पडतो. धान्याची रूक्षता तीळ व लोणी भरून काढतात. बहुतेक कडधान्यें वातूळ. परंतु हुलगा हा उष्ण आणि वायूला अनुकूल मानलेला. त्याच्या पिठाचे लसूण घालून केलेले शेंगोळे थंडीच्या रात्रीं रश्शासकट ऊन ऊन खावयाचे, ही या बाजूची जुनी रीत. मटकी-हरभऱ्याच्या उसळीला हिंगाची फोडणी लागते, तीहि निव्वळ चवीसाठीं नव्हे. दिवाळीचें अभ्यंगस्नान थंडीच्या तोंडाशींच येतें. वाग्भटानें दिनचर्येंत अभ्यंग रोज करावयास सांगितला. आपण तो वर्षांतून दोनचार दिवसांपुरता ठेवला आहे, एवढेंच.

आतां याच कारेगांवचें दुसरें चित्र पाहा. गेल्या तीसपस्तीस वर्षांत रांजणगांवची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गांवाभोंवतीं भाड्याच्या खोल्या व खानावळी वाढल्या. मराठवाड्यांतून, विदर्भांतून व उत्तरेकडील प्रांतांतून तरुण येथें कामास आले. असा एक तरुण डोळ्यांपुढें आणा. अंगानें सडपातळ, बोलण्यांत चटपटीत, झोंपेनें हलका. म्हणजे सरळ सरळ वातप्रकृति. त्याची पाळी कांहीं दिवसांनीं बदलते. कधीं सकाळची, कधीं दुपारची, कधीं रात्रीची. रात्रपाळींत जागें राहण्यासाठीं तो चारचार पेले चहा घेतो, भुकेला फरसाण व पाव खातो, यंत्र सोडून जातां येत नाहीं म्हणून लघवी तुंबवितो. आणि सकाळीं पत्र्याच्या खोलींत, शेजारची वर्दळ चालू असतांना, डोळे मिटून पडतो. जागरण, अवेळीं जेवण, रूक्ष अन्न आणि वेगधारण! चरकानें जे तेरा वेग अडवूं नयेत म्हणून सांगितलें, त्यांत मूत्र व मल यांचे वेग आहेतच, आणि झोंपेचाहि आहे. वात बिघडविणारीं एवढीं कारणें एका माणसाच्या एका रात्रींत एकत्र येतात. मग सहा महिन्यांत त्याचें पोट साफ होईनासें होतें, पाठ धरते, वजन उतरतें आणि चीड वाढते, यांत नवल तें काय?

आधुनिक शास्त्राची भाषा निराळी आहे, परंतु इशारा त्याच दिशेचा आहे. शरीराच्या पेशींत दिवसरात्रीचें घड्याळ कसें चालतें, याच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांस २०१७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००७ सालीं, आणि पुन्हां २०१९ सालीं, रात्रपाळीच्या कामाची गणना बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींत केली. पेशींतील घड्याळ म्हणजेच वात, असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. परंतु वेळ ही शरीराची एक खरीखुरी गरज आहे, एवढें दोन्ही शास्त्रें मान्य करितात.

मग ज्याचें घड्याळ कारखान्याच्या हातीं, त्यानें काय करावें? नोकरी सोडा, हा सल्ला पोट भरलेल्यानें द्यावयाचा सल्ला झाला. आयुर्वेद इतका निष्ठुर नाहीं. संवय नसतां जागरण घडलें, तर जितका वेळ जागलें त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कांहीं न खातां निजावें, अशी सवलत वाग्भटानें दिली आहे. एरवीं दिवसा निजणें वर्ज्य मानणाऱ्या शास्त्रानें जागलेल्या माणसाकरितां हा अपवाद केला, हें लक्षांत घ्यावें. तेव्हां रात्रपाळीहून येतांच भरपेट न्याहारी करून पडूं नये. खोलींत अंधार करून आधीं झोंप घ्यावी आणि राहिलेली झोंप दुपारीं पुरी करावी. घरांतील इतरांनीं त्या वेळीं शांतता राखावी. तीहि त्याच्या औषधाचाच भाग आहे. मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वीं व्हावें. मध्यरात्रीं भूक लागली, तर वरणभात किंवा तूप घातलेली मुगाची खिचडी डब्यांत असावी, आणि चहा रात्रीच्या पूर्वार्धांतच आटपावा. स्नानापूर्वीं दहा मिनिटें कोमट तिळाचें तेल डोक्यास, कमरेस व तळपायांस चोळावें; मात्र ताप किंवा अजीर्ण असतां चोळूं नये. पाळी बदलली तरी उठल्यावर ऊन पाणी, शौच, तेल, स्नान व जेवण हा क्रम बदलूं नये. घड्याळाचा कांटा स्थिर ठेवतां येत नसेल, तर निदान क्रम तरी स्थिर ठेवावा.

हें सारें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांसहि लागू आहे. कारेगांवच्या कामगाराची वेळ कारखाना मोडतो. आपली आपण स्वतःच्या हातानें मोडतों. रात्रीं बारापर्यंत हातांतील दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहणें, दहा वाजतां जेवणें, बारीक राहण्याच्या हौसेनें कच्च्या भाज्यांवर दिवस काढणें आणि वर कडकडीत उपास. वातप्रकृतीच्या सडपातळ मुलीनें हें केलें, तर तिची झोंप व पचन हीं दोन्हीं बिघडावयास वेळ लागत नाहीं. अशा व्यक्तीनें उपास करावयाचाच, तर ऊन दूध, राजगिरा किंवा भगर घेऊन करावा. निर्जळी करूं नये. वर्षाऋतूंत विशेष जपावें, कारण वायु उन्हाळ्यांत सांचतो आणि पावसाळ्यांत प्रकोप पावतो, असें शास्त्र सांगतें.

आतां विकृतीविषयीं चार शब्द, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. पक्षाघाताची गणना ग्रंथांत वातव्याधींतच आहे. म्हणून तोंड वांकडें झालें, एक हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळलें, तर कित्येक घरीं आधीं तेल शोधतात. असें करूं नये. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. त्या माणसास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. सांधे सुजून गरम झाले आणि सकाळीं तासभर आंखडूं लागले, तर तो आमवात असूं शकेल. त्यांत आरंभीं तेल चोळणें आयुर्वेदासहि मान्य नाहीं. कारणाशिवाय वजन उतरणें, छाती धडधडणें, हात कांपणें यांस प्रकृति म्हणून सोडून देऊं नये. मधुमेहाची व कंठांतील थायरॉईड ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. आणि पारा किंवा शिसें असलेलीं भस्में कोणाच्या सांगण्यावरून, जाणत्या वैद्याच्या देखरेखीवांचून, कधींहि घेऊं नयेत.

प्रकृति ओळखण्याचा उपयोग माणसावर शिक्का मारण्यासाठीं नाहीं. घरांत कोणाला कशाची गरज अधिक आहे, हें कळावें, एवढ्यासाठीं तो आहे. आपल्या घरांत असें कोणी चपळ, कोरडें, झोंपेनें हलकें माणूस असेल, तर त्याच्यासाठीं उद्यांपासून एकच गोष्ट करून पाहा. त्याच्या जेवणाची एक वेळ ठरवा आणि महिनाभर ती ढळूं देऊं नका. ताटांत ऊन अन्न आणि चमचाभर तूप असूं द्या. महिन्याच्या अखेरीस त्याची झोंप कशी आहे, हें त्यालाच विचारा.