चिपवरचा नाजूक ट्रान्झिस्टर २ वॅट कसे देतो?

मोबाइल फोनमधील रेडिओचे बहुतेक भाग आज सिलिकॉनच्या एका चिपवर मावतात. पण एरियलला शक्ती पुरवणारा शेवटचा भाग, म्हणजे शक्तिवर्धक, पुष्कळ फोनांत वेगळ्या चिपवर असतो. तीही बहुधा गॅलियम आर्सेनाइडची. असे का? कागद-पेन्सिल घ्या.

एरियलचा रोध ५० ओहम आणि हवी असलेली शक्ती २ वॅट धरू. शक्ती म्हणजे शिखर-व्होल्टतेचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट. यावरून शिखर-व्होल्टता सुमारे १४ व्होल्ट येते. सिलिकॉन चिपवरील ट्रान्झिस्टरमध्ये मात्र काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. एवढ्या व्होल्टतेने तो फुटेल! २ व्होल्टच द्यावेत, तर शक्ती मिळते फक्त ०.०४ वॅट.

मग एक युक्ती सुचते. रोहित्र मध्ये घालून ५० ओहमचा रोध ट्रान्झिस्टरला १ ओहमसारखा भासवायचा. आता २ व्होल्टांतही २ वॅट निघतात, पडताळून पाहा. पण प्रवाहाचे शिखर २ अँपिअरवर जाते. चिपवरील धातूच्या पट्ट्या अगदी पातळ. त्यांचा रोध अर्धा ओहम असला, तरी एक तृतीयांश शक्ती त्यांना तापवण्यातच जाईल. म्हणजे ही युक्ती एकटी पुरत नाही.

विजेरीत आपण काय करतो? एका सेलने भागत नाही म्हणून सेल एकापुढे एक ठेवतो. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावरचे ट्रान्झिस्टर सहजासहजी असे रचता येत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आओकी, की, रटलेज व हाजिमिरी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत ही बेरीज चुंबकीय क्षेत्राकडून करून घेतली. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या वर्तुळाकार मांडल्या, त्यांना जोडणाऱ्या सरळ, रुंद धातुपट्ट्या हीच रोहित्राची प्राथमिक गुंडाळी केली, आणि त्यांच्या लगत एकाच वेढ्याची दुय्यम गुंडाळी फिरवली. प्रत्येक पट्टीची थोडी थोडी व्होल्टता त्या वेढ्यात मिळत जाते. पट्टी आखूड व रुंद असल्याने तिचा रोधही कमी. कल्पना किती साधी, नाही का?

२ व्होल्टांच्या पुरवठ्यावर या चिपने २.४ गिगाहर्ट्झला २ वॅट दिले. कार्यक्षमता ४१ टक्के होती. म्हणजे जवळजवळ ३ वॅट उष्णता इवल्याशा चिपमधून बाहेर काढणे आलेच. पुरवठा १ व्होल्ट केला, तर सूत्राप्रमाणे शक्ती पाव, म्हणजे ०.५ वॅट व्हायला हवी. प्रयोगात ती ०.४५ वॅट भरली.