बुडालेल्या जहाजांचा हिशेब

श्रीलंकेत बुडालेली जहाजं बघायला जायचं तर नकाशाआधी कॅलेंडर उघडावं लागतं. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी हिक्कडुवा-गॉलची बाजू खवळलेली असते. त्या दिवसांत पूर्वेकडचं त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ शांत. नोव्हेंबर ते एप्रिल नेमकं उलट. त्यामुळे गाडी घेऊन अख्ख्या बेटाला वळसा घालायचा आणि दोन्हीकडे डाइव्ह करायच्या, हा बेत कागदावरच राहतो. आम्ही जानेवारी धरला, म्हणजे कोलंबोहून दक्षिणेकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता.

त्याबरोबर 'हर्मीस' आपोआप गळली. विमानवाहू म्हणूनच आराखडा आखून बांधायला घेतलेलं हे जगातलं पहिलं जहाज. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बट्टिकलोआजवळ बुडवलं. ३०७ माणसं गेली. पण ऋतू जुळला असता तरी आम्ही तिथे उतरलो नसतो. ते पन्नास मीटरहून खोल आहे आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर. आमची प्रमाणपत्रं तर ३० मीटरपर्यंतचीच.

कोलंबोसमोरची 'पर्सियस' आणि 'वूस्टरशायर' याच कारणाने वगळली. 'वोल्फ' या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगांनी ती दोन्ही फेब्रुवारी १९१७ मध्ये बुडाली. याच 'वोल्फ'ने मुंबईसमोरही सुरुंग पेरले होते. त्यातल्या एकावर त्याच वर्षी जूनमध्ये 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज गेलं.

उरली दोन. हिक्कडुवाजवळ अकुरला इथे १९०३ मध्ये खडकावर आपटलेली तेलवाहू 'काँच', तळ सुमारे २१ मीटर. आणि गॉलच्या उपसागरात १८७१ मध्ये बुडालेलं 'रंगून', तळ तिशीच्या आसपास. क्रम सरळ होता. आधी 'काँच'वर अंग आणि सामान दोन्ही तपासायचं, मग 'रंगून'. एकाच दिवशी दोन डाइव्ह असतील तर मात्र खोल आधी, उथळ नंतर.

हिक्कडुवाच्या गाइडने आमच्याकडून सगळा हिशेब पाटीवर करून घेतला. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलं की त्यात २४०० लिटर हवा. वर मिनिटाला २० लिटर लागत असेल, तर ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून ८० लिटर. शेवटचे ५० बार राखीव. त्यांना हात लावायचा नाही. उरलेली हवा २२ मिनिटांची. त्यातूनच खाली जाणं, वर येणं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं. जहाजापाशी मिळणार जेमतेम पंधरा मिनिटं. नेहमीच्या तक्त्यानुसार ३० मीटरवर साध्या हवेला वीस मिनिटांची मुभा आहे, म्हणजे आमची हवा तक्त्याच्या आधी संपत होती. आमच्यातल्या एकाला ३२ टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स हवं होतं. नायट्रॉक्सवर ती मुभा वाढते, पण सिलिंडर तेवढंच राहतं. फायदा एवढाच, की शरीरात नायट्रोजन कमी साठतो. शिवाय ते घेऊन ३४ मीटरखाली जायचं नाही.

आत शिरायचं का, हा पुढचा प्रश्न. तिथे तिसऱ्या हिश्श्याचा नियम लागतो: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. २४०० चा तिसरा हिस्सा ८०० लिटर, ३० मीटरवर दहा मिनिटं, आणि त्यातच बोटीपासून जहाजाच्या दारापर्यंत उतरणंही आलं. आत छत असतं, सरळ वर येता येत नाही. फिन चुकीची हलली की गाळ उठतो आणि टॉर्चच्या उजेडातही दार दिसेनासं होतं. त्यासाठी रील, जादा टॉर्च आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. 'रंगून' बाहेरूनच बघायचं ठरलं.

शेवटी गाइडने विचारलं, "परत फिरायचं कोण ठरवणार?" उत्तरही त्यानेच दिलं: ज्याची हवा सगळ्यात कमी तो, आणि कुणीही अंगठा वर केला की चौघंही वर. पाण्यात वाद नाही.

सहलीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग असतो डाइव्हनंतरचा रस्ता. आम्हाला गॉलहून थेट नुवारा एलियाला चढायचं होतं. ते १,८०० मीटरहून उंच आहे. डाइव्हनंतर रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळलेला असतो. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमान तेवढं टाळायचं हे सगळ्यांना माहीत असतं. घाटही तसाच, हे फार थोड्यांना. आम्ही एक रात्र किनाऱ्यावरच काढली.

हे आपल्याकडेही लागू आहे. मालवणला सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोली चढणारी मंडळी कमी नाहीत, आणि आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे. ओळीने काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर सुमारे ६०० मीटरच्या वर जाण्याआधी किमान १८ तास थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. एकच डाइव्ह असेल तर १२ तास. तेव्हा गाडीचा मार्ग आखताना शेवटची डाइव्ह आणि घाट यांच्यामध्ये एक मुक्काम आधीच लिहून ठेवा.