उन्हाळ्यांतील उपाहारगृहें आणि तिखटाचा विवेक



जालन्याहून राजूरमार्गें भोकरदनकडे निघालें म्हणजे पूर्णा नदीच्या कांठीं आमचें केदारखेडा हें गांव लागतें. हा मुलूख मिरचीचा. वैशाखांत आसपासचीं शेतें उजाड दिसत असतां उन्हाळी मिरचीचे हिरवे पट्टे येथें डोळ्यांस गारवा देतात. आणि याच तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. अशा प्रांतांत एक प्रश्न दर उन्हाळ्यास निघतो. पारा ४० अंशांपलीकडे गेला असतां तिखट खावें काय? आणि उपाहारगृहाच्या चालकानें तें कोणत्या पदार्थांत व कोणत्या रीतीनें घालावें?

प्रथम तिखट म्हणजे काय तें पाहूं. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेवरील रुचिकलिका ओळखतात. तिखट ही त्या अर्थानें चव नव्हे. ती एक प्रकारची वेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हें द्रव्य ज्या ज्ञानतंतूंना चेतवितें, तेच ज्ञानतंतू सुमारें ४३ अंशांवरील उष्णतेची वर्दी मेंदूस देतात. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानें हें १९९७ मध्यें दाखवून दिलें, आणि २०२१ मध्यें आर्डेम पाटापूटियन यांच्यासह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. सारांश, मिरची लागली म्हणजे तोंड भाजलें अशीच मेंदूची समजूत होते, आणि तो तत्काळ घाम सोडण्याची आज्ञा देतो.

हा घामच उन्हाळ्यांतील तिखटाचा उपकार होय. एक ग्रॅम पाणी एका अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारें ५८० पट उष्णता एक ग्रॅम घाम सुकतांना अंगांतून घेऊन जातो. मात्र घाम सुकला पाहिजे! मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत तो झटकन् सुकतो. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तो नुसता निथळतो, आणि मग तिखटाचा ताप तेवढा पदरांत पडतो. शिवाय घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही शरीराबाहेर जातात. म्हणून ज्या ताटांत तिखट आहे, त्या ताटाशेजारीं भरपूर पाणी आणि मीठ घातलेलें ताक असलेंच पाहिजे. तिखट खाल्ल्यानें ऊन बाधत नाहीं, ही समजूत मात्र कोणी करून घेऊं नये.

आतां ताकच कां? कॅप्सायसिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तें तेलांत विरघळतें. मिसळीच्या तर्रीवर तेलाचा लाल थर तरंगतो, त्यांतच तिखटाचा मोठा वांटा असतो. त्यावर गिऱ्हाईक पेल्यामागून पेले पाणी पितो, पण जिभेची आग शमत नाहीं. दह्याताकांतील प्रथिनें कॅप्सायसिनला धरून ठेवतात आणि जीभ मोकळी होते.

यांतूनच चालकासाठीं एक सोपा नियम निघतो. उन्हाळ्यांत तिखट तेलकट रश्शांतून काढावें आणि गार पदार्थांत घालावें. आलें, हिरवी मिरची, जिरें आणि मीठ एकत्र ठेचून वाढण्यापूर्वीं थोडा वेळ मठ्ठ्यांत मिसळावें, वर कोथिंबीर. मिरचीचें तिखट मुख्यतः आंतील पांढऱ्या शिरेंत असतें, बियांत नव्हे. तेव्हां शीर काढली कीं मिरचीचा सुवास राहतो आणि दाह कमी होतो.

आणि तिखट म्हणजे केवळ मिरची, असें कोठें आहे? मिरची मूळची अमेरिकेची; १४९८ मध्यें पोर्तुगीज या देशीं आले, त्यानंतरच ती येथें पोहोंचली. तत्पूर्वीं आपल्या पूर्वजांचें तिखट म्हणजे मिरें, पिंपळी, आलें-सुंठ आणि मोहरी. कैरीच्या पन्ह्यांत चिमूटभर मिरपूड घालून पाहावी. काकडीच्या कोशिंबिरीस फेसलेली मोहरी लावावी. तिचा झणका नाकांत चढतो आणि क्षणांत उतरतो. मोहरी कच्ची वाटून पाण्यांत फेसली तरच हा झणका उत्पन्न होतो. फोडणींत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण झोंबत नाहीं.

आतां थोडें कटु बोलणें प्राप्त आहे. तिखटमसाल्यानें अन्न टिकतें, म्हणूनच उष्ण देशांत तिखट खातात, असें पुष्कळांस वाटतें. परंतु जगांतील ७० पाकपद्धतींच्या ३३,००० हून अधिक पाककृती तपासून २०२१ मध्यें जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत या समजुतीस फारसा आधार सांपडला नाहीं. मसाला जंतूंपेक्षां आपल्या नाकालाच अधिक फसवितो. सकाळची उरलेली उसळ संध्याकाळीं झणझणीत रश्शांत उलटली, तर तिचा आंबूस वास गिऱ्हाइकास कळत नाहीं. पोटास मात्र कळतो. शिजविलेलें अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खालीं गार ठेवावें. या दोहोंमधील उष्णतेंत जंतू झपाट्यानें वाढतात, आणि कांहीं जंतूंचें विष पुन्हा उकळल्यानेंही नाहींसें होत नाहीं. वैशाखांतल्या दुपारीं लहान मुलास किंवा म्हाताऱ्यास जुलाब लागले, तर अंगांतील पाणी आटण्यास फार वेळ लागत नाहीं. असें पाणी आटणें प्राणावर बेततें.

म्हणून उन्हाळ्यांत बाहेर जेवण्याचा प्रसंग आला, तर श्रोत्यांनीं तिखट वेगळें मागावें: ठेचा वाटींत, तर्री निराळी, भाजी सौम्य. ज्याचें अन्न ताजें आहे, त्या चालकास याची अडचण वाटणार नाहीं. सौम्य भाजीची चव आणि वास आपणांस स्वतः पारखतां येतो. आणि मग ठेचा हवा तितका लावून घ्यावा.