लाजेने रोग हटत नाही!

रोग माणसाची जात, कुळ वा आवडनिवड पाहून पाऊल टाकीत नाही. परंतु समाज ज्यांना अंधारात ढकलतो, त्यांना तो आधी गाठतो. एचआयव्हीच्या बाबतीत आपल्या देशात नेमके हेच घडले आहे. २०२१ सालच्या सरकारी अंदाजानुसार प्रौढ भारतीयांमध्ये या विषाणूचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच वर्षीच्या पाहणीत पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते ३ टक्क्यांहून अधिक आढळले. हा जवळजवळ पंधरापट फरक कशाने पडला?

याचे अर्धे उत्तर शरीरशास्त्रात आहे. गुदमार्गाचे अस्तर नाजूक असते आणि त्यातून विषाणूचा शिरकाव सहज होतो. उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्या समाजाच्या वागणुकीत आहे. शरीराची रचना बदलता येत नाही; वागणूक बदलता येते. म्हणूनच हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नव्हे, तुमचा-आमचा आहे.

२००१ साली लखनौमध्ये समलिंगी पुरुषांत एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले आणि दीड महिना तुरुंगात ठेवले. त्यांच्याकडील आरोग्यविषयक पत्रके हाच म्हणे गुन्ह्याचा पुरावा! आग विझविणाऱ्यालाच आग लावल्याबद्दल बेड्या ठोकण्याचा हा प्रकार होता. ज्या ३७७ व्या कलमाच्या आधारे हे घडले, त्याचा प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांना लागू असलेला भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा अमलात आला. संमतीवाचून तपासणी करू नये, रुग्णाची गुप्तता राखावी, त्याला नोकरीत वा दवाखान्यात दुजाभावाने वागवू नये, असे हा कायदा बजावतो.

कायदा बदलला, घरे बदलली काय? आजही कित्येक सुशिक्षित कुटुंबांत असा मुलगा आईवडिलांपाशी तोंड उघडू शकत नाही. ‘लग्न केले की सुधारेल’ या भाबड्या समजुतीने त्याला बोहल्यावर चढविले जाते. मग त्याचे चोरटे जीवन चालूच राहते, आणि ज्या मुलीला काहीच ठाऊक नसते, तिचेही आरोग्य पणाला लागते. कुटुंबाची अब्रू राखण्याची ही कोणती रीत?

आज या रोगाविरुद्धची शस्त्रे हाताशी आहेत, हे या साऱ्यातील खरे दुर्दैव! निरोधाचा नियमित व योग्य वापर हे पहिले शस्त्र. त्याबरोबर पाण्यावर आधारलेले वंगणच वापरावे. खोबरेल तेलाने वा व्हॅसलीनने रबर कमकुवत होऊन निरोध फाटतो. धोका अधिक असणाऱ्यांसाठी, संसर्ग होण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या ‘प्रेप’ गोळ्या आहेत. चुकून धोक्याचा प्रसंग घडलाच, तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके उत्तम, ‘पेप’ औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यावे लागते. बाधितांना सरकारी केंद्रांतून २००४ पासून एआरटी औषधे मोफत मिळतात. ही औषधे नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. युरोपातील ७८२ पुरुष-जोडप्यांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. औषधोपचाराने विषाणू आटोक्यात असलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण तीत आढळले नाही.

पण तपासणीच्या दारापर्यंत माणूस गेला, तरच या शस्त्रांचा उपयोग! आणि तेथे ‘तुम्ही असले कसे?’ हा प्रश्न त्याची वाट पाहत असेल, तर तो जाईलच कशाला? मुंबईत अशोक राव कवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली स्थापलेल्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्थांनी हे दार उघडण्याचे काम नेटाने केले आहे. परंतु मूठभर संस्थांनी किती दारे उघडावीत?

लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पण आज त्या निकालाचा अभिमान कोण बाळगतो?

कोणी कोणावर प्रेम करावे याचा निवाडा करण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. आमचे मागणे साधे आहे. डॉक्टरांनी रुग्णाला तपासावे, त्याची उलटतपासणी घेऊ नये. शाळा-महाविद्यालयांनी शरीरशास्त्राचे हे धडे गाळू नयेत. आणि मुलगा काही सांगू पाहील, तेव्हा आईबापांनी दाराला कडी न लावता त्याला जवळ बसवून घ्यावे. औषधे आहेत, कायदा आहे. आता हवा आहे तो फक्त माणसाचा कान!