झेड नसलेली खोली

स्क्रॅच उघडले की पांढऱ्या मंचाच्या मधोमध केशरी मांजर उभे असते. त्याचा पत्ता दोनच आकड्यांचा: एक्स शून्य, वाय शून्य. मंच ४८० बिंदू रुंद, ३६० बिंदू उंच. मांजर आडवे सरकते, वर-खाली जाते. आत मात्र जाऊ शकत नाही, कारण स्क्रॅचच्या ठोकळ्यांत तिसरा अक्ष, म्हणजे झेड, ठेवलेलाच नाही. तरीही याच मंचावर मुलांनी गरगर फिरणारे घन आणि आत शिरून हिंडता येतील असे चक्रव्यूह उभे केले आहेत. हे कसे जमते याचा माग काढत गेले, तर एक वाट चाळीसगावजवळच्या पाटणपर्यंत येते.

अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी स्क्रॅच ही प्रोग्रामिंगची भाषा घडवली. मे २००७मध्ये ती सर्वांना खुली झाली. आज्ञा टाइप करायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. रेस्निक यांचे गुरू सेमूर पेपर्ट हे १९६७च्या ‘लोगो’ भाषेच्या निर्मात्यांपैकी एक. मुलांच्या साधनाची जमीन खाली आणि छत उंच हवे, असे पेपर्ट म्हणत; भिंतीही रुंद हव्यात, ही रेस्निक यांची भर. रांगणाऱ्याला आत शिरता यावे आणि वाढणाऱ्याचे डोके आपटू नये, अशी ही खोली. मराठीत ‘खोली’चे दोन अर्थ आहेत, स्क्रॅचच्या खोलीत दुसऱ्या अर्थाची खोली मुलांनाच खणावी लागते.

फुगा की मोटार?

सुरुवात आकार बदलण्याच्या ठोकळ्यापासून होते. मोटारीचे चित्र प्रत्येक वेळी दहा टक्क्यांनी वाढवले की ती जवळ येईल, असे वाटते. प्रत्यक्षात ती फुग्यासारखी फुगते. जवळ येणारी वस्तू समान टप्प्यांनी मोठी होत नाही: अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट, पाव झाले की चौपट. लांबची मोटार बराच वेळ ठिपकाच राहते आणि शेवटच्या क्षणी अंगावर येते. हे लक्षात आले की मूल बेरीज सोडून भागाकाराकडे वळते.

सगळी गंमत त्या भागाकारातच आहे. झेडचा ठोकळा नसला, तरी ‘झेड’ नावाचा चल बनवता येतो. मग बिंदूचे एक्स आणि वाय २०० या एका ठरावीक आकड्याने गुणायचे आणि झेडने, म्हणजे डोळ्यापासूनच्या अंतराने, भागायचे. समजा, आपण दोन रुळांच्या मध्ये उभे आहोत. रूळ दोन्ही बाजूंना १०० अंतरावर आणि डोळ्यांच्या १०० खाली आहेत. झेड २०० असताना ते मंचावर मध्यापासून १०० बिंदू दूर आणि १०० खाली दिसतील. झेड ४०० असताना ५० आणि ५०, झेड १००० असताना २० आणि २०. रूळ आपोआप क्षितिजाकडे मिटत जातात. झेड शून्य झाला तर भागाकारच कोसळतो, उणे झाला तर पाठीमागची वस्तू उलटी होऊन समोर दिसते. म्हणून पाठीमागचे बिंदू आधीच गाळावे लागतात.

ज्या आणि घन

घनाला ८ कोपरे, १२ कडा. कोपऱ्यांचे आकडे याद्यांमध्ये ठेवायचे, पेनच्या ठोकळ्यांनी कडा ओढायच्या, पुसायच्या, पुन्हा ओढायच्या. फिरवायचे म्हटले की साइन आणि कोसाइन लागतात: नवा एक्स म्हणजे जुना एक्स गुणिले कोसाइन, वजा जुना झेड गुणिले साइन.

हे शब्द परके वाटतात, पण त्यांचे मूळ इथलेच. आर्यभटाने इ.स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त पावणेचार-पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी ज्येचे, म्हणजे साइनचे, २४ फरक दिले. ‘ज्या’ म्हणजेच ‘जीवा’; तिचे अरबीत ‘जिबा’ झाले, ते ‘जैब’ असे वाचले गेले आणि लॅटिन भाषांतरात त्याचा ‘सायनस’ झाला. दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) ज्योत्पत्तीच्या प्रकरणात आहे. घन फिरवण्याचे सूत्र याच रीतीतून निघते. भास्कराचार्य स्वतःला सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारे म्हणवतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा १२०७चा शिलालेख पाटणला आहे. स्क्रॅचमध्ये ही ज्या एका हिरव्या ठोकळ्याच्या यादीत, वर्गमुळाच्या शेजारी, गुपचूप बसलेली असते.

चक्रव्यूहातला माशाचा डोळा

मे १९९२मध्ये आलेल्या ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या खेळात जॉन कारमॅक यांनी वापरलेली युक्ती स्क्रॅचमध्ये फार चालते. नकाशा सपाट, वरून पाहिलेला. खेळाडूच्या जागेवरून किरण सोडायचे, प्रत्येक किरण कुठल्या अंतरावर भिंतीला आदळतो ते मोजायचे आणि त्या अंतराने भागून उभी पट्टी काढायची. जवळची भिंत उंच, दूरची बुटकी. चार बिंदू रुंदीच्या १२० पट्ट्यांत सगळा मंच भरतो.

पहिल्या प्रयत्नात समोरची सरळ भिंत माशाच्या डोळ्यातून पाहिल्यासारखी मधोमध फुगलेली दिसते. भिंत १०० अंतरावर असेल, तर ३० अंश तिरपा गेलेला किरण सुमारे ११५ अंतर कापून तिथे पोहोचतो, म्हणून कडेची पट्टी बुटकी पडते. प्रत्येक अंतराला त्याच्या कोनाच्या कोसाइनने गुणले की भिंत सरळ होते. वहीत नुसता पाठ केलेला कोसाइन इथे वाकडी भिंत सरळ करतो.

मर्यादा पुष्कळ आहेत. पडदा सेकंदाला ३० वेळाच बदलतो, एका प्रकल्पात पात्रांचे ३०० क्लोनच, म्हणजे प्रतीच, चालतात, पेनला भरीव त्रिकोण काढता येत नाही. त्रिमितीसाठी याहून सरस साधने ढिगाने आहेत. पण त्यांत खोली आयती मिळते, आणि आयत्या खोलीत भागाकार दिसत नाही.

म्हणून स्क्रॅच शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. तयार त्रिमितीय प्रकल्प उतरवून देऊ नका. मुलाला फक्त दोन रूळ काढायला सांगा. ते क्षितिजावर मिळाले की एकच प्रश्न विचारा: कशाने भागलेस?