टायरच्या दोऱ्याचे गुपित

कंपनीची गुपिते दोन जातींची असतात. टेंडरचा दर, विलीनीकरणाची बोलणी ही भिंतीआडून ऐकता येतात. उत्पादनाची कृती मात्र नुसती ऐकून हाती येत नाही. राखणीची उपकरणे विकणारे बहुधा पहिल्या जातीचीच भीती विकतात.

छुपा मायक्रोफोन शोधण्याचे एक साधन खोलीतल्या रेडिओलहरी टिपते. छुपे यंत्र गप्प असेल तर ते निरुपयोगी. दुसरे स्वतः लहर सोडते आणि दुप्पट वारंवारतेचा प्रतिसाद शोधते. छुप्या यंत्रातला अर्धवाहकाचा सांधा तो देतो, यंत्र बंद असले तरी. गंजलेल्या धातूंच्या सांध्याचा जोर बहुधा तिप्पट वारंवारतेवर असतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तपासनिसाला हा फरक कळायलाच हवा! दोन्ही साधनांना चकवू शकणारे यंत्र मात्र 1945 मध्येच होते. स्पर्शाविना वाजणाऱ्या वाद्याचा जनक लेव थेरेमिन याने ते बनवले. सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला दिलेल्या लाकडी राजमुद्रेत ते दडवले होते. ना बॅटरी, ना अर्धवाहक. फक्त पोकळी, पातळ पडदा आणि अँटेना. बाहेरून रेडिओझोत टाकला की बोलण्याने थरथरणारा पडदा परतणारी लहर बदलायचा; झोत बंद असला की यंत्र गप्प. 1952 पर्यंत ते सापडले नाही.

दुसऱ्या जातीच्या गुपिताचा गाजलेला खटला कल्याणजवळच्या शहाडचा. टायरमध्ये घालायच्या रेयॉन दोऱ्याचे तंत्र सेंच्युरी रेयॉनने हॉलंडच्या एकेयू कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले. ढोबळ कृती पाठ्यपुस्तकातही आहे: लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइड मिसळायचे, द्राव मुरवून बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा. पण किती वेळ मुरवायचा, आम्लात जस्ताचा क्षार किती, धागा किती ताणायचा, यावर दोऱ्याची ताकद ठरते. हे बारकावे पाळीवरच्या पर्यवेक्षकाच्या अंगवळणी पडतात. असाच एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला.

करार कायद्याचे कलम 27 धंद्यावरची बंधने रद्दबातल ठरवते, हा त्याचा बचाव. सर्वोच्च न्यायालयाने 17 जानेवारी 1967 रोजी तो फेटाळला: कराराच्या मुदतीपुरती दुसरीकडे काम करण्यास मनाई वैध आहे. नोकरी संपल्यानंतरची मनाई मात्र सहसा टिकत नाही. म्हणून सावध कारखानदार संपूर्ण कृती एकाच माणसाला कळू देत नाहीत, मिश्रणांना सांकेतिक क्रमांक देतात. व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाच्या 289व्या अहवालात आली, ती मार्च 2024 मध्ये.