महाडच्या कारखान्यासाठी सर्व्हर
महाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याचा हिशेब टॅलीवर असेल, तर निवड बरीचशी तिथेच ठरते. टॅली विंडोजसाठी बनलेली, म्हणून विंडोज सर्व्हर. त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात; शिवाय वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा यंत्राचा वेगळा. कोटेशनमध्ये हा दुसरा खर्च धरलाय का, ते आधी पाहा. नुसत्या फाइली आणि डेटाबेस असेल तर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स फुकट आणि भक्कम. पण रात्री बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? माझ्या मते खरा प्रश्न हाच. सुरक्षा-सुधारणा कधीपर्यंत मिळतील, हेही विचारा. सेंटओएस ७ या लिनक्सच्या ३० जून २०२४ ला थांबल्या. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचा पूर शहरात शिरला होता, म्हणून कुठलीही प्रणाली घ्या, बॅकअप महाडबाहेरच ठेवा.